जोडणाऱ्याचे कर्तेपण

लाकडी विमानाच्या किटचे खोके उघडले की त्यात बाल्साच्या पट्ट्या असतात, पातळ फळ्या असतात, घडी घातलेला आराखडा, टिश्यू कागद आणि रबराचे वेटोळे असते. विमान मात्र नसते. ते पुढच्या काही आठवड्यांत कुणाच्या तरी हातून व्हायचे असते. लातूर-नांदेड रस्त्यावरच्या चाकूरसारख्या तालुक्याच्या गावीही असे खोके मागवणे आता अवघड राहिलेले नाही. समजा, तिथल्या एखाद्या मुलीने ते मागवले, जोडले, मैदानात उडवले आणि म्हणाली, ‘हे विमान मी केले.’ तिचे म्हणणे कितपत खरे धरायचे? झाड दक्षिण अमेरिकेतले, आराखडा दुसऱ्याच कुणाचा, तुकडे कारखान्यात लेसरने कापलेले. तिने फक्त चिकटवले, असे म्हणणारा कुणीतरी भेटणारच. आणि दुसऱ्या बाजूने एखादा भाविक म्हणेल की करणारा तो एकच, आपण कोण? हा प्रश्न खेळण्याचा नाही. कर्ता कोणाला म्हणावे हा आपल्या तत्त्वचिंतनातला जुना आणि अवघड प्रश्न आहे, आणि आज आपल्या हातात येणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू आधीच कुणीतरी कापून, मोजून, बांधून दिलेली असल्याने तो पूर्वीपेक्षा जास्त टोकदार झाला आहे. माझे मत असे की कर्तेपण लाकूड कापण्यावर ठरत नाही, मूळ कल्पना कुणाची यावरही ठरत नाही. केलेल्या गोष्टीचा परिणाम समोर आल्यावर त्याचे उत्तरदायित्व घेऊन ती सुधारण्याचे काम जो अंगावर घेतो, तो कर्ता.

हे मत तपासायचे तर आधी किटचे प्रकार नीट पाहिले पाहिजेत, कारण ‘किट’ या एकाच नावाखाली अगदी भिन्न कामे येतात. सर्वांत साधे म्हणजे हाताने फेकायचे ग्लायडर: एक काठी, तिच्या खाचेत सरकवायचा सपाट पंख, मागे शेपूट, नाकाला मातीचा किंवा शिशाचा थेंब. अमेरिकेत पॉल गिलो यांनी १९२६ मध्ये सुरू केलेली कंपनी आजही अशी ग्लायडर विकते. त्यानंतर येतो काडी-कागदाचा प्रकार, आणि मला हाच या सगळ्या छंदाचा गाभा वाटतो. आराखडा पाटावर पसरायचा, वर पारदर्शक कागद घालायचा, लांब पट्ट्या पिनांनी रेषेवर धरायच्या, आडव्या काड्या मापात कापून चिकटवायच्या, दोन सारख्या बाजू झाल्या की त्या जोडून धड उभे करायचे. पंखाला फासळ्या, फासळ्यांमधून जाणारा कणा, वरून टिश्यू. पाण्याचा फवारा मारला की वाळताना कागद ताणून बसतो. पुढे पंखा, आत पिळलेले रबर. याच प्रकारात तुकडे कसे मिळतात यावरून पुन्हा फरक पडतो. जुन्या किटांत फळीवर नुसती रेषा छापलेली असे आणि फासळी ब्लेडने आपणच कापायची. मग साच्याने दाबून कापलेले तुकडे आले. पाते बोथट झाले की त्यात लाकूड कापण्याऐवजी चेपले जाई. आता लेसरने कापलेले तुकडे येतात, काठ किंचित जळलेले, पण माप केसाइतके अचूक. याखेरीज दोन तारांवर गोल फिरवायची कंट्रोल-लाइनची विमाने आहेत, रेडिओवर चालणारी आहेत, आणि शेवटच्या टोकाला जवळजवळ तयार असलेली किट, ज्यांत पंख आधीच बांधून मढवलेला येतो आणि आपण चार स्क्रू पिळायचे. एका बाजूला याहून वेगळा, भरीव लाकडाचा प्रकारही आहे. तो ठोकळ्यातून कोरून काढायचा, आणि तो उडण्यासाठी नसतोच.

वरवर पाहता ही कर्तेपणाची उतरंड दिसते: छापील रेषेचे किट जोडणारा मोठा कर्ता, लेसरचे जोडणारा मधला, तयार किटचा नुसता गिऱ्हाईक. हौशी मंडळींतही हीच समजूत आहे. जगभरच्या अनेक स्पर्धांत ‘ज्याने बांधले त्यानेच उडवावे’ असा नियम होता, त्यावरून कितीतरी वाद झाले आणि काही गटांतून तो पुढे निघाला. वाद व्हायचे कारण उघड होते. बांधणे म्हणजे नेमके किती, हे कुणालाच रेघ मारून सांगता येईना. फासळ्या विकत घेतल्या तर चालेल का? पंख विकत घेतला तर? लाकूड तर सगळेच विकत घेतात. केलेल्या कामाचे प्रमाण मोजून कर्ता ठरवायला निघाले की हा प्रश्न कधीच सुटत नाही, कारण कुठेही मारलेली रेघ मनमानीच राहते.

इथे गीतेच्या अठराव्या अध्यायाकडे वळावेसे वाटते. कोणत्याही कर्माची तिथे पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. आणि लगेच पुढे म्हटले आहे की ही पाच असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो, त्याची बुद्धी कच्ची आहे, त्याला दिसत नाही. शंकराचार्य अधिष्ठान म्हणजे शरीर घेतात, चेष्टा म्हणजे प्राण-अपान वगैरे वायूंचे व्यापार, आणि दैव म्हणजे डोळ्याला उपकारक सूर्यासारख्या देवता. त्यांच्या अर्थाने दैव म्हणजे नशीब नव्हे. ज्याच्या अनुग्रहाशिवाय इंद्रिय काम करूच शकत नाही, ते दैव. ज्ञानेश्वरांनीही या पाच कारणांचा विस्तार मोठ्या आवडीने केला आहे. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे की कर्ता या पाचांत एक आहे. तो गाळलेला नाही आणि एकटाही ठेवलेला नाही. किट जोडणाऱ्या मुलीच्या बाबतीत हे पाचही समोर दिसतात. देह तिचा; करणे म्हणजे तिची बोटे, डोळे, आणि पुढे वाढवून म्हणायचे तर ब्लेड, पिना, गोंद; चेष्टा म्हणजे प्रत्यक्ष हालचाल; आणि तिच्या हातात अजिबात नसलेले ते दैव, म्हणजे लाकडाचा हलकेपणा, हवा, ऊन, आधीच्या लोकांनी शोधून ठेवलेले पंखाचे आकार. लाकूड स्वतः रंधले तरी दैवाचा वाटा कमी होत नाही. बाल्साचे वजन घनमीटरला साधारण १०० ते २५० किलोच्या दरम्यान, सागाचे सहाशेच्या वर. हा हलकेपणा कुणा सुताराने लाकडात घातलेला नाही. म्हणजे छापील रेषेचे किट कापणारा आणि लेसरचे जोडणारा यांच्यातला फरक एकट्या ‘करण’ या कारणापुरता आहे. एकाचे करण हातातले ब्लेड, दुसऱ्याचे दूरच्या कारखान्यातला किरण. कर्ता या कारणाला त्याने धक्का लागत नाही.

मग कर्ता ओळखायचा कशावरून? याचे उत्तर चाकूरच्या शेतकऱ्याला नवे नाही. काळ्या रानात तिफण चालायची तेव्हा ती सुताराने बाभळीच्या लाकडाची करून दिलेली असे आणि सुगीला त्याचे बलुते त्याला पोचे. लाकूड जंगलचे, घडण सुताराची, बैल घरचे, बी मागच्या सालचे, पाऊस आभाळाचा. तरीही चाड्यावर मूठ ज्याची, पेरणी त्याची. तास वाकडे गेले, बी दाट पडले, मोड फुटला नाही, तर गाव सुताराला किंवा बाभळीला विचारत नाही. मूठ धरणाऱ्याला विचारते. तोही सबब सांगत नाही, पुढच्या तासाला मूठ सैल किंवा घट्ट करतो. शंभर गोष्टी दुसऱ्याच्या असूनही एक गोष्ट त्याची आहे: जे घडते आहे ते पाहून हात बदलण्याची. त्या बदलाचे जो उत्तर देतो, त्याला कर्ता म्हणायला गावाला कधी शास्त्र विचारावे लागले नाही.

विमानात ही मूठ कुठे असते? ती ट्रिमिंगमध्ये, म्हणजे उडवून पाहून विमानाचा तोल जुळवण्यात असते. किट जोडून झाले, टिश्यू ताणून बसला, विमान देखणे दिसू लागले, की पुष्कळांना वाटते काम संपले. खरे काम तिथे सुरू होते. आधी गुरुत्वमध्य पाहायचा. साधारणपणे तो पंखाच्या रुंदीच्या पुढच्या चौथाई ते तिसऱ्या भागाच्या आसपास यायला हवा, म्हणून नाकाला चिमूटभर माती लावायची. मग गवतावर हलकेच सोडून पाहायचे. नाक वर करून थबकून पडले तर शेपटीकडचे वजन जास्त, किंवा शेपटीचा कोन चुकलेला. सरळ खाली घुसले तर उलट. एका बाजूला कलून फिरले तर एका पंखाला पीळ पडलेला. तो वाफेवर धरून सोडवावा लागतो. रबर पिळून सोडल्यावर पंख्याच्या फिरण्याच्या प्रतिक्रियेने ते डावीकडे वळते, म्हणून पंख्याचा आस थोडा उजवीकडे आणि थोडा खाली झुकवतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने काय झाले ते कळत नाही. आणि हवामानही स्थिर नसते. मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या कोरड्या उन्हात ताणून बसलेला टिश्यू पावसाळ्यात ढिला पडतो, लाकूड दमट होते, आणि उन्हाळ्यात नीट उडणारे विमान जुलैत वेगळेच वागते. यातले काहीही किटच्या खोक्यात भरून देता येत नाही. कारखाना फासळी अचूक कापू शकतो, पण तुमच्या गोंदाचा थेंब किती जड पडला, तुमचा डावा पंख किती मुरडला, हे त्याला ठाऊक असूच शकत नाही. म्हणून लेसरचे किट आणि छापील रेषेचे किट या टप्प्यावर एका पातळीवर येतात.

उड्डाणाचा इतिहासही हेच सांगतो. १८७१ मध्ये आल्फोन्स पेनो या तरुण फ्रेंच माणसाने पॅरिसच्या तुइलरी बागेत रबरावर चालणारे छोटे विमान उडवले. ते सुमारे ११ सेकंद हवेत राहिले आणि जवळपास ४० मीटर गेले. त्याचे मोल अंतरात नव्हते. शेपटीचा कोन आणि वजनाची जागा अशी जुळवली होती की विमान डळमळले तरी आपोआप सावरे. पंख, काठी, रबर या गोष्टी त्याआधीही लोकांकडे होत्या. पेनोने त्या एकमेकींशी जुळवल्या. पुढे १८७८ मध्ये बिशप मिल्टन राइट यांनी आपल्या मुलांसाठी पेनोच्या कल्पनेवर केलेले उडते खेळणे घरी आणले. विल्बर आणि ऑर्विल यांनी तशीच स्वतः करून पाहिली, आणि आकार वाढवत गेले तशी ती नीट उडेनात. आकृती तीच, प्रमाण तेच, तरी फळ वेगळे. लांबी दुप्पट केली की पंखाचे क्षेत्र चौपट होते आणि वजन आठपट, हे गणित त्या मुलांना तेव्हा अवगत नव्हते; हवेने ते त्यांना दाखवले. नमुना हुबेहूब उतरवला की काम झाले, असे मानणाऱ्याला हा प्रसंग पुरेसा आहे.

यावर पहिला आक्षेप कारागिराच्या बाजूने येतो, आणि तो आदराने ऐकण्यासारखा आहे. ज्याने ओंडक्यातून वस्तू काढली तो निर्माता, बाकी सारे जुळवाजुळव करणारे. किटची सवय लागली की हातातली विद्या जाते, असे हा आक्षेप म्हणतो. विद्येबद्दलची भीती खरी आहे. ब्लेडने फासळी कापताना लाकडाचा धागा कुठे फुटतो हे बोटाला कळते, ते लेसरच्या तुकड्याने कळत नाही, आणि हे नुकसान मी कमी लेखत नाही. पण विद्या आणि कर्तेपण या दोन गोष्टी आहेत. वेरूळचे दहावे लेणे, विश्वकर्मा लेणे, पाहावे. लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात, कारण त्याच्या कमानदार छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या आहेत. त्या दगडात कोरलेल्या आहेत आणि त्यांच्यावर कसलाही भार नाही. डोंगर स्वतःच छत आहे. कार्ल्याच्या लेण्यात अशाच ठिकाणी खऱ्या लाकडाच्या फासळ्या बसवलेल्या आजही दिसतात. म्हणजे वेरूळच्या पाथरवटाने आकृती दुसऱ्याची घेतली. एका अर्थाने त्याच्यापुढे आधीच ठरलेला आराखडाच होता. तरी त्याला कुणी अनुकरण करणारा म्हणून खाली बसवत नाही. त्या डोंगरात एकदा चुकलेला घाव परत भरून येत नव्हता, आणि ती जोखीम त्याने घेतली होती.

याच आक्षेपातून एक अडचणीचा उपप्रश्न निघतो. हवेने दिलेला निकाल हीच कसोटी असेल, तर न उडणारी भरीव मॉडेल करणारे कर्ते नाहीत का? १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने शाळांतल्या मुलांकडून पाच लाख लाकडी मॉडेल मागवली होती, ७२ पटींनी लहान केलेली. शत्रूचे आणि आपले विमान आकृतीवरून क्षणात ओळखायला पहारेकऱ्यांना शिकवण्यासाठी ती हवी होती. ती उडायची नव्हती. पण त्यांचीही परीक्षा होती: पंखाचा कोन चुकला तर पाहणारा चुकीचे विमान ओळखणार. म्हणजे कसोटी हवेचीच असायला हवी असे नाही. करणाऱ्याच्या मर्जीबाहेरची कुठलीतरी कसोटी हवी. जिथे अशी कसोटीच नाही, तिथे सजावट असते आणि तिला सजावट म्हणावे. तयार किटचे चार स्क्रू पिळून ते कपाटात ठेवणाऱ्याबद्दलही माझे म्हणणे इतकेच. त्यानेच ते मैदानात नेले, पडल्यावर मोडलेला पंख सांधला, पुन्हा तोलून सोडले, तर तोही या मार्गाला लागला.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो वारकऱ्याच्या घरातून येतो. करता करविता पांडुरंग आहे, मग जोडणाऱ्याच्या कर्तेपणाचा हिशेब मांडणे हा अहंकारच नाही का? मला हा आक्षेप मोठा वाटतो, कारण त्याच्यामागे शतकांची साधना आहे. पण देवाला कर्ता म्हणणे आणि चूक झाल्यावर देवाकडे बोट दाखवणे या दोन वेगळ्या वृत्ती आहेत. आपल्या संतांनी दुसरी कधी पत्करली नाही. गोरोबांच्या तेर गावी मडके कच्चे राहिले तर कुंभाराने भट्टीच नीट लावायची होती. नाव विठ्ठलाचे आणि हात आपला, असा तो व्यवहार होता. गीतेतल्या पाच कारणांतही दैव मोजले म्हणून कर्त्याला सुट्टी दिलेली नाही. अहंकार तेव्हा होतो जेव्हा फळ माझे आणि चूक दुसऱ्याची असे आपण वाटून घेतो. ट्रिमिंग करणारा याच्या अगदी उलट वागतो. विमान चांगले उडाले तर तो हवेला, लाकडाला, आराखड्याला श्रेय देतो, आणि पडले तर आपले बोट कुठे चुकले ते शोधतो. निरहंकारी कर्म म्हणतात ते याहून फार निराळे असेल असे मला वाटत नाही.

हा विषय मराठी वाचकापुढे मांडताना शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले असे अभिमानाने सांगितले जाते. खात्रीचा समकालीन पुरावा त्याला मिळालेला नाही. तळपद्यांनी खटपट केली, त्यासाठी आयुष्य वेचले, हे त्यांचे मोठेपण मला पुरते. उड्डाणाचा मान मात्र पुराव्याशिवाय कुणालाही देता येत नाही. ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचे तर स्पष्टच आहे. पंडित सुब्बराय शास्त्री यांनी तो १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगितला, नंतर आकृत्या काढल्या गेल्या, आणि १९७४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी तो तपासून निष्कर्ष काढला की ग्रंथ विसाव्या शतकातलाच आहे आणि त्यातली विमाने उडणे शक्य नाही. यावर कुणी म्हणते की शब्द हेही प्रमाण आहे. आहेच, न्यायशास्त्राने शब्दाला प्रमाण मानले, पण तो आप्ताचा, म्हणजे जाणून सांगणाऱ्याचा शब्द. आकृती काढून ठेवायची, ती कधी हवेत सोडायची नाही आणि तरी विमान केल्याचा मान घ्यायचा, यात पाचांपैकी चेष्टा हे कारणच गळालेले असते. गवतावर नाक आपटलेले आणि तरी पुन्हा तोललेले दीड वीत लांबीचे ग्लायडर मला त्या आकृत्यांपेक्षा आपल्या परंपरेला जास्त धरून वाटते.

म्हणून चाकूरच्या, अहमदपूरच्या, उदगीरच्या पालकांना आणि विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांना एक विनंती आहे. मुलांना किट देताना ते किती तयार आहे यावर फार अडू नका. हाताला विद्या लागावी म्हणून जमल्यास छापील रेषेचे द्या, नसेल तर लेसरचे चालेल, तेही परवडत नसेल तर साधे ग्लायडर पुरे. पण विमान पहिल्यांदा पडले की ते त्यांच्या हातातून काढून घेऊन तुम्ही नीट करून देऊ नका. मातीची चिमूट कुठे लावायची ते त्यांनाच ठरवू द्या.